मानेचे मणके आणि गिळण्याचा त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिळायला त्रास होणाऱ्यांवर उपचार करणं हे माझं रोजचं काम. मानेच्या एक्स-रेचा फोटो, बहुतेक वेळा खिडकीच्या काचेला लावून काढलेला, आणि खाली "मॅडम, यामुळेच घास अडकतो ना?" असा निरोप आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर वाचलंत तरी चालेल, पण घाई असेल तर आधी प्रश्न ७ वाचा.

१. मणके तर मानेच्या मागे असतात. मग घास गिळण्याशी त्यांचा काय संबंध?

मागून हाताला लागतात ते मणक्यांचे नुसते काटे. मणक्याचा मुख्य भाग बराच पुढे, मानेच्या जवळजवळ मध्यावर असतो, आणि घशाची मागची भिंत त्याला टेकलेली असते. आरशासमोर आ केल्यावर घशाची जी मागची भिंत दिसते, तिच्या पलीकडे काही मिलिमीटरवरच मणका आहे. एक्स-रेमध्ये दुसऱ्या मणक्यापुढच्या मऊ भागाची जाडी ७ मिलिमीटरच्या वर दिसली तर डॉक्टर सावध होतात, इतकी ही जागा अरुंद. खाली सहाव्या मणक्यापाशी घसा संपतो आणि सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका सुरू होते.

आता कंठावर बोट ठेवून आवंढा गिळा. कंठ वर उचलला जातो, खाली येतो. तो वर जातानाच श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड ओढून उघडलं जातं. हे सगळं साधारण एका सेकंदात उरकतं. मागून हाड पुढे आलं, मधल्या जागेत सूज किंवा पू साचला, मान चुकीच्या कोनात जखडली गेली किंवा कंठ उचलणाऱ्या नसांना धक्का बसला, की हा सेकंद बिघडतो.

२. माझ्या रिपोर्टमध्ये स्पॉन्डिलायसिस आहे आणि डॉक्टर म्हणाले 'गॅप' आहे. घास त्यामुळेच अडकतो का?

बहुधा नाही. स्पॉन्डिलायसिस म्हणजे मणक्यांची आणि त्यांच्यामधल्या गाद्यांची झीज. आधी त्या 'गॅप'बद्दल. मणक्यांत गॅप 'आला' असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात दोन मणक्यांमधली गादी झिजून अंतर कमी झालेलं असतं. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत हे दिसतं, आणि त्यातले बहुतेक जण मजेत भाकरी खात असतात. पांढरे केस जसे वयाने येतात तसंच हे.

शिवाय गादी मागे सरकली तर ती मज्जारज्जूवर किंवा हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाब आणते. हाताला मुंग्या, बोटांत बधिरपणा, चालताना तोल जाणं या त्याच्या तक्रारी. त्याने घास अडत नाही. गिळण्याला अडथळा येतो तो हाड मणक्याच्या पुढच्या बाजूने वाढलं तर, आणि तेही बऱ्यापैकी वाढलं तर.

माझी खरी काळजी वेगळी आहे. 'मानेमुळे आहे' हे उत्तर एकदा मिळालं की पुढचं शोधणं थांबतं. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री यांचा वापर किती आहे ते सांगायला नको. घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरची पहिली तक्रार हीच असते: घट्ट घास अडकतो. बायकांमध्ये लोह फार कमी झालं की अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होऊ शकतो. आम्लपित्त वर येणं, पार्किन्सन, लहानसा पक्षाघात, मोठी झालेली थायरॉइड ग्रंथी, अन्ननलिकेचा खालचा दरवाजा न उघडणं, ही सगळी कारणं तपासून बाजूला ठेवल्याशिवाय मानेवर आरोप ठेवू नका. एक्स-रेत हाड दिसतं. घास कुठे अडतो ते दिसत नाही.

३. मग मानेच्या नेमक्या कोणत्या आजारांत गिळायला त्रास होतो?

मणक्यांच्या पुढच्या बाजूने वाढलेलं हाड (प्रश्न ४), मानेचं पुढून केलेलं ऑपरेशन (प्रश्न ८ ते ११), मणक्यापुढच्या स्नायूची अचानक आलेली सूज किंवा तिथला पू (प्रश्न १३), मानेचा टीबी (प्रश्न १४), कवटी आणि मान यांच्या जोडातले दोष (प्रश्न १६) आणि मानेच्या मज्जारज्जूची गंभीर दुखापत. या शेवटच्या रुग्णांना बहुतेक वेळा गळ्यात श्वासाची नळी असते आणि त्यांची तपासणी रुग्णालयातच व्हावी लागते, म्हणून इथे त्यावर लिहिलेलं नाही.

४. बाबांच्या सीटी स्कॅनमध्ये 'डिश' लिहिलं आहे. हे काय असतं?

डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरऑस्टोसिस या लांबलचक नावाचं हे लघुरूप. १९५० मध्ये फॉरेस्टिए आणि रोतेस-केरॉल या दोन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून याला फॉरेस्टिएचा आजारही म्हणतात. मणक्यांच्या पुढून जाणारा लांब पट्टा हळूहळू हाडासारखा टणक होतो. जळत्या मेणबत्तीवरून मेण ओघळून गोठावं, तसं ते स्कॅनवर दिसतं. सलग चार मणके असे जोडले गेले असतील आणि मधल्या गाद्या बऱ्यापैकी शाबूत असतील तर डिश म्हणायचं, ही व्याख्या १९७६ पासून रूढ आहे. पन्नाशी-साठीपुढचे पुरुष, मधुमेह आणि वाढलेलं वजन ही त्याची नेहमीची संगत.

बहुतेकांना यात फक्त पाठ-मान आखडते. घास अडतो तो मानेतल्या वाढीने, आणि वाढ कुठे आहे यावर तक्रार ठरते. तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी असेल तर श्वासनलिकेवरचं झाकण नीट दुमडत नाही. मग ठसका लागतो. पाचव्या-सहाव्यापाशी असेल तर अन्ननलिकेचं तोंड दबतं. तिथे ती जागची फारशी हलत नाही, त्यामुळे बाजूला सरकून वाट काढायलाही वाव नसतो. मग चपाती, मटणाचा तुकडा अडतो आणि वरण-भात उतरतो.

घरी लक्षात येणारी एक खूण: मान वर करून, म्हणजे तांब्याने वरून पाणी पिताना किंवा टीव्ही उंचावर असताना जेवताना, त्रास वाढतो आणि हनुवटी थोडी खाली घेतली की कमी होतो. मान मागे गेली की पुढचं हाड घशात आणखी घुसतं. ही खूण असली तरी प्रश्न २ मधल्या तपासण्या टळत नाहीत. आणि हाड किती मोठं आहे यावरून त्रास किती असेल ते सांगता येत नाही. बोटभर वाढ असून बिनतक्रार जेवणारे आजोबा मी पाहिले आहेत.

५. घशात सतत गोळा असल्यासारखं वाटतं, पण जेवताना काहीच होत नाही. मानेचं आहे का?

जेवताना गोळा नाहीसा होतो आणि नुसता आवंढा गिळताना जाणवतो, असं असेल तर अडथळ्याची शक्यता कमी. घशाच्या स्नायूंचा ताण, आम्लपित्त, मनावरचा ताण यांत हे फार वेळा दिसतं. मान-खांदे आखडलेल्यांना जास्त जाणवतं हे खरं, पण मणका घशात टोचतोय असा त्याचा अर्थ नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून एकदा दुर्बिणीने बघून घ्या आणि सारखं खाकरणं थांबवा. खाकरल्याने गोळा जात नाही, उलट वाढतो.

६. घास अडकणं आणि ठसका लागणं एकच ना? तपासणीला कुठे जायचं?

एकच नाही, आणि डॉक्टरांना हा फरक सांगितलात तर निम्मं काम होतं. घट्ट पदार्थ अडतो आणि पाणी जातं, तेव्हा वाटेत अडथळा असण्याची शक्यता जास्त. पाण्याने ठसका लागतो, चहा नाकातून येतो, जेवल्यावर आवाज ओलसर, गुळगुळल्यासारखा होतो, तेव्हा नसा-स्नायूंचा प्रश्न किंवा श्वासनलिकेचं झाकण नीट न पडणं. काहींना अन्न श्वासनलिकेत जाऊनही ठसकाच लागत नाही. त्यांचा पत्ता वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाने लागतो.

सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे करा. नाकातून बारीक दुर्बीण घालून, रंगीत पाणी आणि घास गिळायला लावून पाहणं ही एक तपासणी. बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढणं ही दुसरी. हाडापाशी घास अडतो की नाही, ते हीच दाखवते. गरजेप्रमाणे पोटविकारतज्ज्ञ एन्डोस्कोपी करतात. मानेत पुढे हाड वाढलंय हे आधीच माहीत असेल तर एन्डोस्कोपीपूर्वी आणि कुठल्याही ऑपरेशनच्या भुलीपूर्वी ते आवर्जून सांगा. नळी घालताना ते हाड आडवं येतं आणि अन्ननलिकेला इजा होऊ शकते.

गिळण्याचे व्यायाम आणि आहार ठरवणारे आम्ही लोक 'स्पीच थेरपिस्ट' या नावाने ओळखले जातो, त्यामुळे "मला बोलता येतं की, मग स्पीच थेरपी कशाला?" असं प्रत्येक जण विचारतो. नाव तसं आहे, काय करणार. थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत आहे का ते बघा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या विषयाचं शिक्षण देते.

७. कोणत्या लक्षणांत थांबायचं नाही?

स्वतःची लाळही गिळता येत नाही, श्वास घेताना घरघर, मानेवर झपाट्याने वाढणारी सूज, ताप आणि मान ताठ, बोलणं अचानक अडखळणं किंवा चेहरा वाकडा होणं, हातापायांतली ताकद कमी होणं, मानेच्या ऑपरेशननंतर श्वास कोंडणं: १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच क्षणी न्या. वजन घटणं, थुंकीत रक्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, मानेत गाठ आणि आठवड्यागणिक वाढत जाणारी अडचण असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

८. मानेची गादी काढण्याचं ऑपरेशन पुढून झालं. चार दिवस झाले, पाणी गिळतानाही दुखतं. काही चुकलं का?

बहुधा काही चुकलेलं नाही. १९५० च्या दशकात रूढ झालेली ही पद्धत आजही जगभर वापरतात, कारण समोरून मज्जारज्जूला हात न लावता गादीपर्यंत पोचता येतं. पण तिथे जाताना अन्ननलिका आणि श्वासनलिका एका बाजूला ओढून, काही तास धरून ठेवाव्या लागतात. त्यांना सूज येते. घशात नळी घातलेली असते, तिचाही घसा दुखतो. सूज असताना कंठ नीट उचलला जात नाही आणि घास तळाशी रेंगाळतो.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आजही वारंवार उल्लेख होणाऱ्या एका पाहणीत अशा ऑपरेशननंतर महिन्याभराने जवळपास निम्म्या रुग्णांना गिळण्याची थोडीफार तक्रार होती. सहा महिन्यांनी ती सुमारे १८ टक्क्यांवर आणि वर्षाने साडेबारा टक्क्यांच्या आसपास आली. यात 'कधीतरी चपाती अडते' इतकी सौम्य तक्रारही धरलेली आहे. एकापेक्षा जास्त मणक्यांचं ऑपरेशन, दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन, जास्त वय यांत त्रास अधिक होतो.

पहिले काही दिवस मऊ, ओलसर, कोमट जेवण, छोटे घास, ताठ बसून. प्रत्येक घासानंतर एकदा कोरडा आवंढा. दिवसागणिक थोडं तरी सुधारत असेल तर धीर धरा. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल, वजन उतरत असेल किंवा ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. सर्जननी 'होईल कमी' म्हटलं तरी मागा; तो तुमचा हक्क आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मान टम्म सुजली, श्वास लागला, आडवं पडवेना, तर आत रक्त साचल्याची शक्यता असते. तेव्हा प्रश्न ७ लागू.

९. त्याच ऑपरेशननंतर आवाज बसला आहे. हा वेगळा त्रास आहे का?

दोन्ही एकाच जागेचे शेजारी. स्वरतंतू हलवणारी नस अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्या मधल्या खाचेतून जाते आणि ओढाताणीत दुखावते. तो स्वरतंतू बंद होईनासा झाला की आवाज हवेसारखा येतो आणि पातळ पाण्याने ठसकाही लागतो. बहुतेकांचा आवाज काही आठवडे ते महिन्यांत परततो. ऑपरेशन वरच्या मणक्यांचं असेल तर दुसरी एक नस दुखावते. तिने आवाज बसत नाही, पण वरची पट्टी लागत नाही. शिक्षक, कीर्तनकार, गाणारे यांना हे आधी कळतं.

१०. ऑपरेशनच्या आधी सर्जनना काय विचारावं?

आधी तुम्ही सांगायचं: थायरॉइडचं किंवा मानेचं दुसरं ऑपरेशन पूर्वी झालंय का, आणि आत्ताच गिळायला काही अडचण आहे का. पूर्वी ऑपरेशन झालं असेल तर स्वरतंतू दुर्बिणीने तपासून घ्यायचा आग्रह धरा. एका बाजूचा स्वरतंतू गुपचूप निकामी असेल आणि आता दुसऱ्या बाजूने गेले, तर दोन्ही बंद पडण्याची भीती.

मग विचारायचं: किती मणके, धातूची प्लेट लागणार का, पुढूनच का आणि मागून का नाही, आणि हाड जुळवण्यासाठी बीएमपी नावाचं प्रथिन वापरणार आहात का. मानेत पुढून हे वापरल्यावर जीवघेणी सूज येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्येच दिला आहे.

११. ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली, सगळं ठीक होतं. आता पुन्हा घास अडतो.

जुन्या ऑपरेशनच्या नावाने सोडून देऊ नका. क्वचित प्लेटचा स्क्रू सैल होऊन पुढे येतो आणि अन्ननलिकेला घासतो. वर्षांनीही असं घडलेलं आहे. साध्या एक्स-रेत स्क्रूची जागा दिसते. तो जागेवर असेल तर मग बाकीची सगळी कारणं, म्हणजे पुन्हा प्रश्न २.

१२. मानेचा पट्टा घालूनच जेवायचं का?

ज्यांनी पट्टा दिला त्यांनाच विचारा. मणका अस्थिर असेल किंवा फ्रॅक्चर असेल तर जेवतानाही काढायचा नाही, मग घास कितीही नकोसा वाटो. नुसत्या दुखण्यासाठी मऊ पट्टा असेल तर बहुतेक डॉक्टर जेवणापुरता काढू देतात. घट्ट पट्टा हनुवटी वर उचलून धरतो, तोंड नीट उघडू देत नाही, आणि हनुवटी वर असली की गिळणं अवघड होतं. पट्टा एका आकाराने लहान-मोठा असल्यामुळे ठसका लागणारे रुग्ण मी पाहिले आहेत. बदलून दिल्यावर दोन दिवसांत जेवायला लागले.

१३. काल सकाळी मान धरली, आज थुंकी गिळतानाही कळ येते, थोडा ताप आहे. घरी शेकत बसू का?

नका बसू. मान दुखणं, गिळताना दुखणं आणि ताप हे तिन्ही एकत्र आले की दोन शक्यता. एक साधी: मणक्यांपुढच्या लाँगस कोलाय नावाच्या स्नायूत कॅल्शियमचे कण साचून अचानक सूज येते. साधारण तिशी ते साठीतल्या माणसांना होते, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापुढे स्कॅनवर ठिपका दिसतो आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी आठवड्या-दोन आठवड्यांत बरी होते. ना अँटिबायोटिक लागतं, ना ऑपरेशन.

दुसरी शक्यता घशाच्या मागे पू झाल्याची. तो खाली छातीत उतरू शकतो, श्वास अडवू शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक सीटी स्कॅनवर कळतो, म्हणून स्कॅन आधी, शेक नंतर.

१४. मानेलाही टीबी होतो का? त्याने घास अडतो?

होतो. पाठीच्या मणक्यांपेक्षा कमी वेळा, पण आपल्या देशात हे नाव यादीत ठेवायलाच हवं. टीबीचा पू त्या जागी ऊब-लाली न येता, संथपणे मणक्यांपुढे साचतो आणि घशाची भिंत पुढे ढकलतो. महिन्यांपासून दुखणारी ताठ मान, संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि मग घास अडणं, असा क्रम असतो. उठताना-झोपताना दोन्ही हातांनी डोकं सावरणारा रुग्ण दिसला की डॉक्टरांना ते पुरेसं असतं. निदानासाठी एमआरआय आणि पुवाचा नमुना लागतो. औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, पण फुफ्फुसाच्या टीबीसारखं सहा महिन्यांत संपत नाही. वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

१५. सलूनमध्ये मान मोडून घेतली. दुसऱ्या दिवशी चक्कर, आवाज घोगरा आणि पाणी गिळता येईना. मणका सरकला का?

हा प्रश्न आला तेव्हा मी उत्तर टाइप न करता फोन केला होता. मणक्यांच्या कडेने मेंदूकडे रक्तवाहिनी जाते. मानेला जोरात झटका दिल्यावर तिच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते, तिथे गुठळी होते आणि मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा तुटतो. गिळण्याचं केंद्र त्याच देठात आहे. हा पक्षाघात आहे, आणि तो झटक्यानंतर लगेच किंवा काही दिवसांनीही होऊ शकतो. चेहऱ्याच्या एका बाजूला आणि अंगाच्या दुसऱ्या बाजूला बधिरपणा, एक पापणी खाली येणं, उचकी न थांबणं हीही त्याचीच लक्षणं. त्याच क्षणी न्यूरोलॉजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि मान मोडल्याचं सांगा. कुणी आपणहून विचारत नाही. असं क्वचित होतं. तरी दाढीनंतरच्या चंपीला माझी ना नाही, 'कट्ट' आवाजाला आहे.

१६. कवटी आणि मान यांच्या जोडात दोष आहे. त्यामुळे गिळणं बिघडेल का?

बिघडू शकतं. काहींचा दुसरा मणका जन्मतः वर सरकून मेंदूच्या देठावर दाब आणतो, काहींचा लहान मेंदू खाली उतरतो, आमवातात पहिल्या-दुसऱ्या मणक्याचा जोड सैल होतो. ठसका, नाकातून पाणी येणं, घोगरा आवाज, सोबत चालताना तोल जाणं. याला व्यायामाने उत्तर नाही, न्यूरोसर्जन हवेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी पहिला आणि दुसरा मणका प्लेट-स्क्रूने जोडण्याची जी पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आता प्रश्न ८ मधल्या 'धीर धरा'ला अपवाद. कवटी मानेला कायमची जोडताना हनुवटी जरा जास्त खाली राहिली तर घशाची जागाच आकसते, आणि आधी नीट गिळणारा माणूस ऑपरेशननंतर गिळू शकत नाही. इथे सूज ओसरायची वाट बघत महिने घालवू नयेत. कवटी आणि मान यांच्यातला कोन मोजून घ्यायला सांगावं.

१७. यूट्यूबवर पाहून उताणं झोपून डोकं उचलण्याचा व्यायाम सुरू केला आहे. चालेल ना?

तुमच्या मानेला नाही चालणार. शेकर व्यायाम म्हणतात तो हाच, आणि अन्ननलिकेचं तोंड उघडायला तो चांगला आहे. पण तो मान निरोगी असलेल्यांसाठी. मणके झिजलेले, ऑपरेशन झालेलं, पट्टा लागलेला, यांनी करू नये. बसून, जोर लावून गिळणं किंवा कंठ वर गेल्यावर तो क्षणभर तिथेच धरून ठेवणं असे पर्याय आहेत, पण ते समोर बसून शिकावे लागतात.

'हनुवटी छातीकडे घेऊन गिळा' हा सल्लाही सगळ्यांना लागू नाही. काहींचा ठसका त्याने थांबतो, काहींचा वाढतो, आणि ताज्या ऑपरेशननंतर मान वाकवायची परवानगीच नसते.

१८. खायला नेमकं काय द्यायचं?

हे तपासणीवर ठरतं, तरी काही गोष्टी बहुतेकांना लागू पडतात. अडथळा असेल तर मऊ आणि ओलसर: मऊभात, तूप घातलेली मुगाची खिचडी, उकड, शिरा, नाचणीची आंबील, दह्यात भिजवून कुस्करलेली भाकरी. चपाती नुसती लहान तुकडे करून भागत नाही; वरणात भिजू द्या. कोरडे पोहे, चिवडा, शेव, लाडू घशात विखुरतात. साबुदाण्याची खिचडी मऊ दिसते, पण चिकटते. उपवासाच्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या निरोपांत तिचा हात असतो.

सर्वांत फसवी मिसळ. पातळ कट आणि आत फरसाण: तोंडात एक गोष्ट चावायची असताना दुसरी घशात निघून जाते. दाणे असलेलं पातळ सार, दुधात पोहे, चहात बुडवलेली खारी हे सगळं त्याच जातीचं. घट्ट-पातळ एकत्र असलेलं अन्न ठसका लागणाऱ्यांनी टाळावं.

पाण्याने ठसका लागतो म्हणून स्वतःच्या मनाने पाणी घट्ट करायला सुरुवात करू नका. घट्टपणाच्या ० ते ४ अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या आहेत. कुठली लागते ते तपासणी सांगते. अडथळा असलेल्यांना घट्ट पाणी आणखी अडतं, आणि घट्ट पाणी नकोसं झालं की वृद्ध माणसं पाणी पिणंच सोडतात. रोज दोनदा दात आणि जीभ स्वच्छ करणं मात्र कुठल्याही आहाराइतकंच महत्त्वाचं. लाळ श्वासनलिकेत जाते तेव्हा तोंडातले जंतूही सोबत जातात.

१९. गोळ्या गळ्यात अडकतात. कुटून देऊ?

सगळ्या नाही. दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की पूर्ण डोस एकदम अंगावर येतो. केमिस्टला नाव दाखवून विचारा. पुष्कळ औषधं सिरपमध्ये मिळतात. हाडांच्या ठिसूळपणाची ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी, या दोन अन्ननलिकेत अडकल्या तर तिथे जखम करतात. घास अडणाऱ्या माणसाने ॲलेंड्रोनेट घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. तिच्याऐवजी सहा महिन्यांनी किंवा वर्षाकाठी घ्यायची इंजेक्शनंही असतात. आणि मानदुखीसाठी रात्री घेतलेल्या गोळीने तोंड कोरडं पडत असेल, सकाळी गुंगी असेल, तर घास अडण्याला तीही जबाबदार असू शकते.

२०. मान एका बाजूला वळते म्हणून बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं. आठवड्याने गिळायला जड जातंय.

औषध शेजारच्या गिळण्याच्या स्नायूंपर्यंत पसरलं असावं. ओळखीचा दुष्परिणाम आहे, काही आठवड्यांत ओसरतो. इंजेक्शन देणाऱ्यांना आजच कळवा, पुढचा डोस आणि जागा ते बदलतील. तोवर आहार प्रश्न १८ प्रमाणे. श्वासाला त्रास झाला तर वाट पाहू नका.

२१. वाढलेलं हाड काढून टाकलं तर प्रश्न मिटेल का?

घास तिथेच अडतो हे बेरियमच्या व्हिडिओवर दिसलं, बाकीची कारणं निकाली निघाली, आणि आहार-व्यायाम करूनही वजन घटतंय किंवा न्यूमोनिया होतोय, तर ऑपरेशनचा विचार करतात. योग्य निवडलेल्या रुग्णांना चांगला आराम पडतो. पण तेही पुढूनच करायचं असतं, म्हणजे प्रश्न ८ मधली सूज काही काळ वाट्याला येणारच. आणि डिशमध्ये हाड वर्षानुवर्षांत पुन्हा हळूहळू वाढू शकतं. पंचाहत्तरीत घास थोडा अडतो पण वजन टिकून आहे, अशा माणसाला मी सहसा चाकूऐवजी मऊभाताकडे वळवते.

२२. माशाचा काटा अडकला होता, भाताचा गोळा गिळल्यावर गेला. आता दोन दिवसांनी मान दुखते आणि गिळताना टोचतं.

कोकण-गोव्यातून हा प्रश्न नेमाने येतो. भाताच्या गोळ्याने काटा कधी खाली जातो, कधी आणखी खोल रुततो. रुतलेला काटा घशाची भिंत पार करून मणक्यांपुढच्या जागेत शिरला तर तिथे पू होतो, म्हणजे प्रश्न १३ मधली दुसरी शक्यता. काट्यानंतर मान दुखणं, ताठ होणं, ताप किंवा मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुरणं जाणवलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. बारीक काटे साध्या एक्स-रेत दिसतातच असं नाही, त्यामुळे 'एक्स-रे क्लिअर आहे' यावर परत येऊ नका. दुर्बीण किंवा सीटी स्कॅन करायचा का ते विचारा. मासा कोणता होता तेही सांगा. काही माशांचे काटे एक्स-रेत इतरांपेक्षा स्पष्ट दिसतात, आणि डॉक्टर मासे खाणारे असतील तर त्यांना ते लगेच कळतं.